काळी क्रेटा, ९,९९९चं सिरॅमिक आणि आमचा १३ हजारांचा हिशोब

पुण्यात वाकडच्या पुढे आमचा छोटा डिटेलिंग स्टुडिओ आहे, म्हणजे गाडी आतून-बाहेरून खोलवर साफ आणि पॉलिश करायचं दुकान, गाडी घ्यायला दोन बे, कामाला दोन पोरं आणि मी. एकाच गाडीचं प्रकरण इथे सविस्तर लिहितोय, कारण या धंद्यात नवीन आलेली मुलं नेहमी दोन गोष्टी विचारतात, रेट कसा लावायचा आणि कस्टमरला समजवायचं कसं. माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. जे काम आपल्याला साध्या मराठीत सांगता येत नाही त्याचा रेटही धड सांगता येत नाही, मग आपण पलीकडच्याचा बोर्ड बघून दोनशे रुपये कमी लावतो आणि महिनाअखेर भाडं द्यायला पैसे शोधत बसतो.

गाडी होती २०१९ची काळी क्रेटा, सेकंड हँड घेतलेली. घरात नवरा-बायको दोघं आयटीत, एक लहान मुलगी, आणि सासरे सोबत राहतात. मेसेज ताईंचा आला, "क्रेटा फुल डिटेलिंग विथ सिरॅमिक रेट?" आणि त्याखाली एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ९,९९९ रुपयात सिरॅमिक, म्हणजे पेंटवर लावायचं पारदर्शक कोटिंग, तीन वर्षं वॉरंटी.

या ठिकाणी बरीच पोरं एक आकडा टाइप करून मोकळी होतात. आकडा ९,९९९ पेक्षा जास्त असला तर पुढे रिप्लाय येत नाही, कमी असला तर गाडी येते आणि मग रडत काम करावं लागतं. मी लिहिलं की ताई, गाडीच्या हालतीवर आहे, आमच्याकडे या साइजच्या गाडीचं काम साडेसात-आठ हजारांपासून सत्तावीस हजारांपर्यंत जातं, तुमचं नेमकं कुठे बसतं ते बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही, तोवर तीन फोटो पाठवा, बोनेटचा उन्हात, ड्रायव्हर सीटचा आणि मागच्या सीटखालच्या कार्पेटचा. आणि दोन गोष्टी सांगा, गाडी कुठे लागते आणि रोज कोण धुतं.

रेटच्या दृष्टीने हे शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, फोटोंपेक्षाही. उत्तर आलं, सोसायटीत उघड्यावर झाडाखाली लागते, रोज सकाळी धुणारा दादा येतो, पाणी टँकरचं. एवढ्यावर मला अर्धी गाडी दिसली. काळ्या रंगावर बारीक गोल गोल ओरखड्यांचं जाळं असणार, काचेवर पांढरे डाग असणार, आणि टपावर पक्ष्यांच्या विष्ठेचे ठसे असणार.

गाडी बघताना

रविवारी सकाळी ताई आणि त्यांचे सासरे आले. तपासणी फुकट असते आमच्याकडे, पण ती कस्टमरला शेजारी उभं करूनच करायची असा नियम आहे. आतल्या खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि बाहेर आपण एकटेच गाडी बघत बसलो तर नंतर सांगितलेलं सगळं त्याला गोड बोलून गळ्यात मारल्यासारखं वाटतं.

आधी टॉर्च. बोनेटवर तिरका प्रकाश टाकला की जाळं लगेच दिसतं, ताई म्हणाल्या, "अहो हे तर मला कधी दिसलंच नाही." रोजच्या उजेडात गाडी फक्त मळकट-काळी वाटते, खोल काळी वाटत नाही, ते याच जाळ्यामुळे. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की धुळीतली वाळू पेंटवर घासली जाते, आणि आमच्या बाजूला बांधकामं एवढी चाललीयेत की सकाळच्या गाडीवर हात फिरवला तरी खरखर लागते.

मग नख. उजव्या बाजूच्या मागच्या दरवाज्यावर कुणीतरी किल्ली ओढली होती. ताईंनाच सांगितलं, नख आडवं फिरवून बघा, अडकतंय का? अडकलं. जिथे नख अडकतं तिथे ओरखडा क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, फार खोल गेलेला असतो, तो पॉलिशने काढायला गेलो तर सगळा क्लिअर कोटच घासून काढावा लागेल. कडा थोड्या मऊ होतील, कमी दिसेल, पण जाणार नाही, त्याला पेंटरच पाहिजे. स्वतःच्या नखाला लागलेलं माणूस विसरत नाही, मी दहा वाक्यं बोललो असतो तरी एवढं पटलं नसतं.

मग पेंटची जाडी मोजायचं मीटर. कंपनीच्या पेंटचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० च्या घरात, आणि आपलं सगळं पॉलिशिंग त्या वरच्या थरातच चालतं, प्रत्येक वेळी त्यातला थोडा थोडा जातोच. बोनेटवर १०५-११५ आलं, टपावर शंभरच्या आसपास, आणि डावीकडच्या पुढच्या दरवाज्यावर एकदम २६०. म्हणजे तो दरवाजा परत रंगवलेला. सासरे एकदम पुढे आले, "म्हणजे ॲक्सिडेंटची गाडी दिली का आम्हाला?" इथे जिभेवर ताबा ठेवावा लागतो. दरवाजा रंगवलाय एवढंच मीटर सांगतं, का रंगवला ते सांगत नाही, पार्किंगमधल्या साध्या ओरखड्यासाठीही लोक रंगवतात. मी तेवढंच सांगितलं, आणि हेही की कंपनीबाहेर मारलेल्या पेंटचा कडकपणा वेगळा असतो त्यामुळे त्या दरवाज्याला बाकीच्यांइतकीच चमक येईल अशी हमी मी देणार नाही. बंपर प्लास्टिकचे, त्यावर आमचं मीटर चालत नाही, तिथे डोळ्यांवरच भरवसा.

काचेवर आणि बोनेटवर पाण्याचे डाग होते. टँकरच्या, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, पाणी उन्हात वाळलं की ते मागे राहतं. वर वर बसलेलं असेल तर ॲसिडिक क्लीनरने निघतं, सावलीत, थंड पत्र्यावर, वाळू न देता. पण महिनोन् महिने राहिलं की ते पेंटमध्ये उतरतं, मग क्लीनरने पांढरेपणा जातो आणि खाली गोल खूण राहते. टपावरचे पक्ष्यांचे ठसे तर कोरलेच गेले होते.

आत खरी तक्रार होती. दार उघडल्या उघडल्या वास. मुलीची दुधाची बाटली मागच्या सीटवर सांडली होती, नंतर दोन-तीनदा परफ्यूम मारला, एकदा सोसायटीतल्या दादाकडून ओल्या फडक्याने पुसून घेतलं. आणि बोलता बोलता ताईंनी खरं कारण सांगितलं, "दादा, मुलगी गाडीत बसली की उलटी करते आजकाल, वासानेच असेल." मी हे मुद्दाम लिहितोय. मेसेजमध्ये सिरॅमिक मागितलं होतं, आणि घरातला त्रास होता मागच्या सीटचा वास. विचारलं नसतं तर मी त्यांना चकाचक बोनेट देऊन पाठवलं असतं आणि पोरगी उलट्याच करत राहिली असती.

सिरॅमिक का नको म्हटलं

सासऱ्यांचा प्रश्न सरळ होता. "बाहेर दहा हजारात सिरॅमिक करतायत, तुम्ही सत्तावीस म्हणता. फरक काय?"

दुसऱ्याच्या दुकानाबद्दल मी बोलत नाही, ते कसं काम करतात मी बघितलेलं नाही. माझ्याकडे काय काय लागतं ते मात्र सांगू शकतो. सिरॅमिक म्हणजे सिलिकाचा पारदर्शक थर, खाली जे आहे ते तसंच दिसत राहतं. काकांना म्हटलं, ओरखडे पडलेल्या फोटोला लॅमिनेशन केलं तर ओरखडे जातात का? नाही, ते आत बंद होतात. म्हणून कोटिंगच्या आधी पेंट नीट करावा लागतो, आणि पैसे बाटलीपेक्षा त्या तयारीला जास्त लागतात. तयारी न करता नुसती बाटली लावायची असेल तर कमी पैशात होतं, पण मग ते जाळं दोन-तीन वर्षं तुमच्याच पैशाने सांभाळायचं.

काका म्हणाले की जाहिरातीत नाइन एच लिहिलंय, म्हणजे ओरखडा पडत नाही. नाइन एच ही पेन्सिलीच्या कडकपणाची पट्टी आहे, त्या पेन्सिलीने टेस्टमध्ये ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. वाळूने भरलेलं फडकं रोज घासलं तर सिरॅमिकवरही जाळं पडतं. दगडाचा मार सिरॅमिक थांबवत नाही, त्यासाठी पीपीएफ, म्हणजे जाड पारदर्शक फिल्म, आणि तिचा खर्च पूर्ण गाडीला लाखाच्या आसपास किंवा वर जातो. आणि टँकरचं पाणी सिरॅमिकवर वाळलं तर डाग तिथेही पडतात, पाणी गोल थेंबात उभं राहतं म्हणून कधी कधी जास्त ठळक पडतात. सिरॅमिकचा फायदा आहेच, मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं, रंग खोल दिसतो, पण तो टिकतो धुण्याच्या पद्धतीवर. झाडाखाली उघड्यावर, टँकरचं पाणी, रोज एका बादलीत धुणं, या गाडीला आज सिरॅमिक विकणं मला पटत नव्हतं. ताईंना स्पष्ट सांगितलं, आधी धुण्याचं बघा, सहा-आठ महिन्यांनी ठरवू.

काही मित्र म्हणतात की हातात आलेलं मोठं बिल सोडलंस. मला तसं वाटत नाही. वॉरंटीचा कागद दिला की चार महिन्यांनी "डाग का पडले" म्हणून गाडी परत येणार, ते फुकट काढून द्यायचं, आणि वर सोसायटीच्या ग्रुपवर नाव खराब, यात कसला नफा.

तासाचा हिशोब

आता पैशाचं. हा भाग मी कस्टमरला पूर्ण दाखवत नाही पण विचारलं तर लपवतही नाही.

महिन्याचा खर्च असा: भाडं ३८,०००, दोन पोरांचे पगार मिळून ३८,०००, वीज ६,०००, पाणी आणि फिल्टर ५,०००, मशीनची झीज, इन्शुरन्स, फोन वगैरे ८,०००, आणि माझा पगार ४५,०००. एकूण १,४०,०००. माझा पगार खर्चात धरलाय हे नीट बघा, बरेच जण धरत नाहीत, "उरेल ते माझं" म्हणतात आणि काही उरत नाही. दोन पोरं आणि माझे अर्धवट हात धरून महिन्यात बिल लागू शकतील असे तास निघतात साधारण २८०. हजेरीचे तास यापेक्षा खूप जास्त असतात, पण त्यात गाडीची वाट बघणं, टॉवेल धुणं, पाऊस, ऐनवेळी न आलेला कस्टमर हे सगळं जातं. १,४०,००० भागिले २८०, म्हणजे एका माणसाच्या एका तासाला ५०० रुपये हा मला पडणारा खर्च. त्यावर १०० धरून ६०० लावतो. मटेरियल वेगळं. त्यावर जीएसटी १८ टक्के, सर्व्हिसच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते, आणि मी त्या रेषेच्या पुढे आहे. कस्टमरला आकडा नेहमी जीएसटी धरूनच सांगायचा, शेवटी वर चढवलेला टॅक्स लोकांना फसवणूक वाटतो आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

क्रेटाचं पूर्ण काम मी असं मांडलं. फोम वॉश, लोखंडी कण आणि डांबर काढणं, क्ले, म्हणजे चिकटलेला मळ ओढून काढणारा मऊ गोळा, फिरवणं, तीन तास. पाण्याचे डाग, काच आणि बॉडी मिळून, दोन तास. मशीनने एक-स्टेप पॉलिश सात तास. आतलं पूर्ण, सीट-कार्पेट मशीनने ओढून काढणं, सात तास. वर सीलंट, म्हणजे पेंटवरचा संरक्षक थर, एक तास. वीस तास, १२,०००, मटेरियल १,८००, म्हणजे १३,८००, जीएसटीसकट १६,२८४. फक्त धुणं आणि आतलं केलं तर दहा तास, मटेरियल ७००, सगळं धरून ७,९०६. आणि सिरॅमिक केलं तर सीलंट जातं पण पॉलिशची दुसरी स्टेप आणि कोटिंग येतं, सीलंटचा तास वजा करूनही वीसवर आठ तास वाढतात, मटेरियलच्या १,८०० वर बाटली आणि बाकीचं ४,५००, टॅक्ससकट एकूण २७,२५८. मेसेजमधले साडेसात-आठ आणि सत्तावीस तिथून आले होते.

हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही असे तीन रकाने करून बोर्ड लावला की काम भागतं असं वाटतं, पण साइजने तेवढा फरक पडत नाही जेवढा हालतीने पडतो. कुत्र्याचे केस भरलेली वॅगनआर आतून साफ करायला नीट ठेवलेल्या फॉर्च्युनरपेक्षा जास्त वेळ घेते, केस कार्पेटमध्ये विणल्यासारखे बसतात, ते रबरी ब्रशने एक-एक पट्टा करत काढावे लागतात.

रेट कमी नाही केला, काम कमी केलं

१६,२८४ ऐकून ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, आमच्या डोक्यात बारा-तेरा होते. काका म्हणाले, "राउंड करा, बारा द्या सगळं."

इथे मी कधीच आकडा पाडत नाही. सोळाचं काम बारात केलं तर एक तर मी सोळा खोटं सांगितलं होतं, नाहीतर आता चार हजारांचं काम गुपचूप कमी करणार आहे, तिसरा अर्थ निघत नाही. म्हटलं, बसा, यातलं काय तुम्हाला नको ते बघू.

टपाचं पॉलिश काढलं. उंच गाडी आहे, टप रोज कुणाला दिसत नाही, आणि तिथले कोरलेले ठसे तसेही पूर्ण जाणार नव्हते. मागची डिकी आणि खालचे पट्टे काढले. राहिलं बोनेट, पुढचे फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) आणि चार दरवाजे, म्हणजे सातऐवजी चार तास. पाण्याचे डाग फक्त काचेवरचे ठेवले, कारण पावसात रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्या डागांवर पसरतो, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, बोनेटवरचे हलके डाग पॉलिशमध्ये निघणारच होते. तिथे एक तास वाचला. आतलं काम एक मिनिटही कमी केलं नाही, त्यासाठीच तर गाडी आली होती. सोळा तास, ९,६००, मटेरियल १,५००, एकूण ११,१००, टॅक्ससकट १३,०९८. वरचे ९८ सोडले, तेवढं चालतं.

तरी काकांच्या चेहऱ्यावर शंका होतीच. मग बोनेटवर टेपने साधारण फूटभराचा चौकोन केला, तेवढाच धुऊन, क्ले फिरवून मशीनने पॉलिश केला आणि अल्कोहोल-पाण्याने पुसला. हे शेवटचं पुसणं कस्टमरसमोर करायचंच. काही पॉलिशमध्ये तेल आणि भरणारा पदार्थ असतो, ओरखडे भरले जातात, गाडी घरी जाईपर्यंत मस्त दिसते आणि थोड्या धुण्यात जाळं परत वर येतं. अल्कोहोलने पुसल्यावर जे दिसतं ते खरं. टेप काढली आणि टॉर्च मारला, एका बाजूला जाळं, एका बाजूला स्वच्छ काळं. काकांनी टॉर्च हातात घेतला, स्वतः तीन-चार बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "बरं, पण चौकोनातसुद्धा एक-दोन रेघा आहेत." बरोबर होतं. एक-स्टेपमध्ये जाळं बहुतेक जातं, सगळं जात नाही, आणि ते त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी बघितलं हेच मला पाहिजे होतं.

मग मी कागद लिहिला. हा कागद आमच्याकडे प्रत्येक गाडीचा होतो, तीन रकाने, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, कस्टमरने ओके लिहिल्याशिवाय पाण्याचा पाइप उचलायचा नाही. या गाडीचा असा होता:

होईल: बोनेट, फेंडर, चार दरवाज्यांवरचं जाळं बहुतांश. काचेवरचे पांढरे डाग. सीट, कार्पेट, मॅट, डॅशबोर्ड, दाराच्या कडा. एसीच्या जाळ्या.

कमी होईल, पूर्ण जाणार नाही: दुधाचा वास, कारण दूध सीटच्या स्पंजपर्यंत गेलंय. डाव्या पुढच्या दरवाज्याची चमक. किल्लीचा ओरखडा.

होणार नाही: टपावरचे ठसे. टप आणि डिकीचं पॉलिश, कारण ते कामात घेतलेलं नाही. छताच्या कापडावरचा जुना डाग.

छताचं कापड मुद्दाम लिहिलं. ते पातळ स्पंजवर गोंदाने चिकटवलेलं असतं, भरपूर ओलं केलं की गोंद सुटतो आणि कापड पोटासारखं खाली लोंबतं, त्याची दुरुस्ती आमच्या सगळ्या बिलापेक्षा महाग पडू शकते. हलक्या फोमने, कोरड्या टॉवेलने जेवढं येईल तेवढंच. ताई म्हणाल्या, "होणार नाही असं लिहून देणारा पहिलाच भेटला." मी म्हटलं ताई, हा रकाना माझ्यासाठी आहे, तुम्ही गाडी घ्यायला याल तेव्हा भांडण नको म्हणून.

काम चालू असताना

गाडी सोमवारी सकाळी आली. दुधाच्या डागावर पोरांनी वाफ मारायची नाही हे पहिलं सांगितलं, गरमीने दुधातलं प्रोटीन धाग्यात घट्ट बसतं. आधी एन्झाइमवालं क्लीनर, त्याला वेळ द्यायचा, मग कोमट पाण्याने एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पाणी मारून मळासकट परत ओढणारं मशीन. पहिल्या ओढीला टाकीत जे पाणी आलं त्याचा फोटो ताईंना पाठवला, चहासारखं नव्हे, गढूळ पांढरट आणि वरती तेलकट तवंग. असे फोटो पाठवतच जावं, आतलं काम संपल्यावर दिसत नाही, त्याची किंमत अशा फोटोतच कळते.

दुपारी वेगळंच निघालं. डावीकडच्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट हाताला थंड लागलं, दाबलं तर ओलं. दूध तिथे सांडलेलं नव्हतं. एसीच्या पाण्याचा ड्रेन पाइप चोंदला की पाणी बाहेर पडायच्याऐवजी त्याच बाजूला आत उतरतं, वर मॅट असल्यामुळे महिनोन् महिने कळत नाही आणि खालचा नमदा कुजतो. गाडीतला अर्धा वास तिथून येत होता.

मी काम थांबवलं आणि ताईंना फोन केला, फोटो पाठवला. सांगितलं की कडेची पट्टी काढून कार्पेट उचलायचं, खाली रात्रभर ब्लोअर लावायचा, आणि पाइप हवेने मोकळा करून बघायचा, दोन तास जास्तीचे, १,२०० आणि टॅक्स धरून १,४१६. सीट काढणार नाही, तिच्याखाली एअरबॅगची वायर असते, बॅटरी न सोडता कनेक्टर ओढला तर डॅशबोर्डवर दिवा लागून बसू शकतो. नको असेल तर तसंच सोडतो, पण मग वास परत येईल हे आत्ताच सांगतो. गाडी उद्या दुपारी मिळेल. त्यांनी ऑफिसमधूनच ओके लिहिलं.

काही जण म्हणतील की एवढं छोटं काम, करून टाकायचं आणि बिलात लावायचं. किंवा फुकट करायचं, गुडविल. मला दोन्ही पटत नाही. न विचारता लावलेले चौदाशे रुपये आधीच्या सगळ्या कागदावर पाणी फिरवतात. आणि फुकट केलं तर पोरांनी दोन तास वाकून केलेल्या कामाला किंमत नाही असं आपणच सांगितल्यासारखं होतं. पाइप मोकळा झाला तरी एसीचं काम आमचं नाही, गॅरेजमध्ये एकदा दाखवून घ्या असं बिलावर लिहून दिलं.

आतल्या कामाला सातच्या जागी नऊ तास लागले, सीटच्या शिलाईत दूध वाळून बसलं होतं. ते दोन तास आमचे, त्याचं बिल नाही, अंदाज आम्ही दिला होता. कार्पेटचं जास्तीचं काम सोडून अठरा तास गुणिले ५०० म्हणजे ९,०००, मटेरियल १,५००, एकूण १०,५००, आणि हातात टॅक्स वगळता ११ हजारांच्या आसपास. तोटा नाही झाला. ५०० आणि ६०० मधलं अंतर याच दिवसांसाठी ठेवायचं असतं, ते डिस्काउंटमध्ये वाटून टाकायचं नसतं.

गाडी देताना

मंगळवारी दुपारी उन्हात गाडी बाहेर काढली आणि तोच कागद हातात घेऊन रकान्याप्रमाणे दाखवलं, आधी "होणार नाही", मग बाकीचं. टपावरचे ठसे त्यांना स्वतःला दिसायच्या आधी मी दाखवले. वास ताईंनी दार उघडून, काचा बंद करून, आत बसून बघितला. म्हणाल्या, ऐंशी टक्के गेला. स्पंजमधला थोडा आठवडाभरात हवा लागून कमी होतो, तेही सांगितलं. बिल १३,००० अधिक १,४१६, म्हणजे १४,४१६, यूपीआयवर तिथल्या तिथे. काकांनी पैशाचा विषय काढला नाही, त्यांनी विचारलं की हे जाळं परत पडू नये म्हणून काय करायचं.

हे विचारलं की मला खरंच बरं वाटतं. सोसायटीतल्या धुणाऱ्या दादाला दोष देऊन उपयोग नाही, त्याला एका गाडीचे महिन्याला थोडे पैसे मिळतात आणि सकाळी सात ते नऊमध्ये भरपूर गाड्या उरकायच्या असतात, एका बादलीत पाच गाड्या होणारच. त्यांना म्हटलं, रोज धुऊ नका, आठवड्यातून दोनदा धुवा, पैसे तेच द्या. त्याला तुमच्याकडून दोन बादल्या द्या, एक शाम्पूची, एक फडकं पिळायची, आणि चार मायक्रोफायबर, बॉडीचे वेगळे, चाकाचे वेगळे. एकच गोष्ट त्याला नीट सांगा, कोरड्या धुळीवर फडकं फिरवायचं नाही, आधी पाणी. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालायचं नाही, धागे बुजतात. पाणी उन्हात वाळू द्यायचं नाही. पक्ष्यांची घाण दिसली की त्याच दिवशी ओल्या कपड्याने भिजवून उचलायची, घासायची नाही.

ताई दोन महिन्यांनी मेंटेनन्स वॉशला आल्या. बोनेटवर थोडं जाळं परत होतं, पण पूर्वीच्या पाव भागही नाही. कार्पेट कोरडं होतं. मुलगी गाडीत बसते आता, त्यांनीच सांगितलं. सिरॅमिकबद्दल विचारलं, मी म्हटलं सोसायटीत शेडमधली जागा मिळतेय का बघा, मिळाली तर दिवाळीआधी करू, नाहीतर वर्षातून दोनदा सीलंट पुरेसं आहे, प्रत्येक वेळी वॉश धरून अडीच ते तीन हजार.

या गाडीनंतर आमच्या बोर्डावरचं पॅकेजचं नाव काढलं, सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम असं आधी होतं, त्यावरून कुणालाच काही कळत नव्हतं. आता लिहिलंय "आतली सफाई", "बाहेरचं पॉलिश", "काचेवरचे डाग", पुढे किती तास आणि कितीपासून. एप्रिलमध्ये भाडं वाढणार आहे, तेव्हा ५०० चा आकडा परत काढावा लागेल, आणि बोर्डावरचे आकडे त्याच वेळी बदलतील.